मापावरचे चार थेंब

सांगलीच्या पेठेत लोक हळद पारखत. आमचे घरमालक हळदीवरून सगळं जग पारखत. लढाईच्या काळात मी कॉलेजसाठी कोरेगावहून आलो आणि त्यांच्या माडीवर मला खोली मिळाली, ती माझा पिवळट रंग पाहून त्यांना विश्वास वाटला म्हणून, असं माझं आजही मत आहे. त्यांना सगळे अण्णा म्हणत. दुकानात बसल्या बसल्या ते हळकुंड कानाशी धरून कटकन मोडत, आवाज ऐकत, मग मोडलेली जागा उजेडात धरत आणि समोरच्या शेतकऱ्याला त्याच्या विहिरीच्या पाण्यापासून ते हळद शिजवताना लागलेल्या डुलकीपर्यंत सगळं ऐकवत. एका लग्नात नवऱ्यामुलाला हळद लागत असताना त्यांनी ती चिमूटभर उचलून हुंगली आणि वरबापाला सांगितलं, "पोरगा झ्याक हाय, पण हळद गेल्या सालची हाय." ते लग्न कसंबसं लागलं.

दुसरी खोड मापाची. माल तोलून झाला की वर एक मूठ टाकल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पंगतीत वाढायला उभे राहिले की काकू, म्हणजे त्यांची बायको, हातातलं भांडंच काढून घेत. मला खोलीला त्यांनी एक कुलूप दिलं आणि वर एक.

अशा माणसाच्या पायांना सूज आली, जिना चढताना धाप लागू लागली. काळीज थकलंय म्हणून डॉक्टरांनी डिजिटॅलिसचे थेंब दिले. सूज उतरली, धाप थांबली, आणि हळूहळू अण्णाच उतरत गेले. आधी जेवण सुटलं, मग बोलणं. दरवर्षी त्यांच्या शिव्या खाणारा पलूसचा एक शेतकरी माल घेऊन आला. अण्णांनी हळकुंड मोडलं, पाहिलं आणि म्हणाले, "चांगली हाय." दुसऱ्या पोत्यातलं मोडलं. "हीबी चांगली हाय." तो बिचारा घाबरून माझ्या खोलीत आला. "आवं, अण्णांस्नी काय झालंय? माझी हळद यंदा चांगली न्हाई, ते मलाबी ठावं हाय!"

पेठेत सगळंच पिवळं, तिथे कुणाच्या काय ध्यानात येणार? पण घरी त्यांनी दहीभाताचं ताट दूर सारलं आणि विचारलं, "ह्यात हळद कशापायी घातलीस?" काकूंना कावीळ वाटली, पण अण्णांचे डोळे पांढरे स्वच्छ होते. मग अण्णांनी दुकानाच्या किल्ल्या काकूंपुढे ठेवल्या. "पुतण्याला देऊन टाक. समदी हळद सारखीच. माझा आता कशात जीव लागत न्हाई." काकू मला म्हणाल्या, "धाप लागत हुती तवा माणूस तरी हुता रं. आता नुसता श्वास हाय." मला खरंच भीती वाटली. ज्या आरडाओरड्याला मी रोज सकाळी वैतागायचो, तो आता आठवडाभर ऐकला नव्हता.

मी त्यांना टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. आत शिरताच अण्णा मलूलपणे म्हणाले, "डाक्टर, कोट पिवळा कवा केलासा?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "थेंब कसे घेता, दाखवा बघू."

अण्णांनी अगदी नीट मोजून थेंब टाकले आणि शेवटी बाटली पुन्हा एकदा तिरकी करून वर आणखी चार टाकले.

"हे काय?"

"वरची मूठ," अण्णा म्हणाले. "जल्मभर परक्याला मापावर दिलं. ह्ये तर माझं सोताचं काळीज. त्याला काट्यावर तोलून देऊ व्हय?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. हे औषध जास्त झालं तर डोळ्यांपुढे पिवळं येतं, अन्न नकोसं होतं, मनसुद्धा खचतं, असं त्यांनी सांगितलं. थेंब काही दिवस बंद झाले. मग काकू स्वतःच्या हाताने ते अगदी कंजूषपणे मोजून देऊ लागल्या. आणि एका सकाळी खालून आलेल्या आरडाओरड्याने मी जागा झालो: "ही हळद हाय व्हय रं? ह्यापरीस कडबा बरा!" स्वयंपाकघरात काकू हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या.

पण अण्णांच्या डोक्यात एक किडा वळवळत राहिला. मला ते पुन्हापुन्हा विचारत, "उदास हुतो त्ये थेंबांनी. मग आता खुशीत हाय, त्ये मी हाय का बाटली?" मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकत होतो; तो प्रश्न मी वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवला, अजून तिथेच आहे. कधी मन खट्टू झालं की ते बाटलीकडे संशयाने बघत. रंगावर त्यांनी पुन्हा पुरता भरवसा ठेवला नाही. काकूंना विचारून खात्री करून घेत. कान मात्र कधी फसला नाही, एवढं समाधान त्यांना होतं.

पुढे मी नोकरीला साताऱ्याला गेलो. त्यांना शेवटचा भेटलो तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. उशाखालून त्यांनी हळकुंड काढलं आणि माझ्या कानाशी मोडलं.

"आवाज कसा हाय?"

"खणखणीत आहे, अण्णा."

"मग रंग तूच बघ," म्हणाले, आणि अर्धं हळकुंड माझ्या हातावर ठेवलं. मग वर उरलेलं अर्धंही.