कोऱ्या डिस्कची पूजा

खंडेनवमी, २००३. काम: डेअरीच्या कॉम्प्युटरवर विंडोज नव्याने टाकणे.

"बाई, तुम्ही जरा भाईर थांबा," आप्पा म्हणाले. "सवाष्णीच्या हातनं हळदीकुंकू हुंद्या."

आप्पा म्हणजे आमच्या गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. मी तिथली ऑपरेटर. नवरा वारल्यावर केडगावला क्लास लावून कॉम्प्युटर शिकले आणि ही नोकरी धरली. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाचं दूध, त्याचं फॅट, सगळं मशीनमध्ये मीच घालायची. कीबोर्डवरची अक्षरं माझ्या बोटांनी पुसट झाली होती. त्या बोटांचं काम चालत होतं. पूजा चालत नव्हती. नवरा मेलेला कॉम्प्युटरला कळत नव्हता, पण आप्पांना कळत होता.

हळदीकुंकवाची थाळी त्यांच्या सुनेच्या हातात होती. तिने या मशीनला कधी हात लावला नव्हता.

लोडशेडिंगने मशीनचा जीव काढला होता. लाइट गेली की फाइली तुटायच्या. परत चालू करताना निळ्या पडद्यावर तपासणी सुरू व्हायची आणि बाहेर माणसं किटल्या घेऊन तिष्ठत बसायची. डिस्कची जुनी मांडणी फॅट थर्टी-टू होती, तिला हे सोसत नव्हतं. एनटीएफएस केलं तर अचानक लाइट जाण्याला डिस्क बरी टिकते. शिवाय एकाच्या फाइलींना दुसऱ्याने हात लावू नये म्हणून कुलूप घालता येतं. मला दोन्ही हवं होतं. कुलूप जरा जास्तच. आप्पांचा पुतण्या येता-जाता माझ्या खुर्चीत बसून पत्ते खेळायचा आणि उठताना काहीतरी हलवून जायचा.

सी ड्राइव्ह पुसून एनटीएफएस करायचा, त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागाला, डी ला, धक्का लावायचा नाही. दुधाचे आकडे डी मध्ये होते. फ्लॉपीवर त्यांची नक्कल मागच्या बिलापर्यंतचीच होती. हे ठरवून मी फॉरमॅट विचारणाऱ्या पानापर्यंत आले होते. तेवढ्यात मुहूर्त आला. मी मशीन बंद करायला गेले, तर आप्पा म्हणाले, "चालूच ऱ्हाऊ द्या. बंद मशीनची पूजा करत न्हाईत."

म्हणून मशीन चालू राहिलं आणि मी दाराबाहेर गेले.

पुतण्या माझ्या खुर्चीत बसला. "काकू, हे काय इचारतंय?"

"हात लावू नका. एनटीएफएस करायचंय, ते मी करते."

"आन् हितं फॅट बी लिवलंय की. डेअरीला फॅट नको, असं कुठं आस्तंय व्हय?"

आतली सगळी हसली. मग आप्पा म्हणाले, "जुनं कशाला ठिवतोस त्यात? पूजेला समदं कोरं बरं."

मी उंबऱ्यात पाय टाकला. "आप्पा, त्यात दुधाचे आकडे हायत. पुसू नका."

आप्पांनी हात आडवा केला. "बाई, आरती चाललीया. आत येऊ नका."

पुतण्याने दोन्ही भाग उडवले. सबंध डिस्कचा एकच भाग केला, फॅट निवडलं, एंटर दाबलं. निळ्या पडद्यावर पिवळी पट्टी पुढे सरकायला लागली. इकडे टाळ्या, घंटी, कापराचा वास. मी उंबऱ्यात उभी राहून ती पट्टी भरताना बघितली. ओरडले नाही. पळत जाऊन वायर ओढली नाही. आप्पांचा हात खाली आला तेव्हा डिस्क कोरी झालेली होती.

मला प्रसाद बाहेर आणून दिला. मी घेतला नाही.

संध्याकाळी आप्पांना कळलं की मागच्या बिलापासूनचं सगळ्या गावाचं दूध मशीनमधून गेलं. मला बाजूला घेतलं. आवाज मऊ.

"बाई, तुमच्या हातनं चूक झाली म्हणून सांगा. पोराचं नाव नको. पंचवार्षिक इलेक्शन तोंडावर हाय."

"चूक माझी न्हाई."

"तुमचा हात पूजेच्या आधी लागला व्हता मशीनला. लोकं तेच धरून बसतील. त्यापरीस तुम्हीच म्हणा. नोकरीला धक्का लागू देत न्हाई."

सकाळी माझे हात अशुभ होते. संध्याकाळी तेच हात त्यांच्या पुतण्याचं पाप उचलायला चांगले होते. आयुष्यभर मी अशा जागी गप्प बसत आले होते. विधवेने गप्प बसायचं असतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं, सगळ्यांनी मिळून शिकवलं होतं. त्या वेळी मात्र डोकं तापलं आणि एकदम स्वच्छ झालं.

"न्हाई म्हणणार," मी म्हटलं आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी किटल्यांची रांग लागली. आप्पा खुर्ची टाकून बसले होते, पुतण्या गाडीवर रेलून. मी दारात उभी राहिले आणि शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलले.

"मागच्या बिलापासूनचे आकडे गेलेत. आप्पांच्या पुतण्याने काल पूजेत डिस्क पुसली. मी नको म्हणत होते, मला आत येऊ दिलं न्हाई. दर खेपेला दिलेल्या दुधाच्या चिठ्ठ्या घरात असतील त्या आणा. मी परत घालते."

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "आन् ज्याची चिठ्ठी शेळीनं खाल्ली त्यानं?"

"त्याने आप्पांना विचारायचं," मी म्हटलं.

त्या सकाळचं दूध हाताने लिहून घेतलं. रांग संपल्यावर सीडी घातली. पुतण्याने केलेला भाग उडवला, डिस्कचे पुन्हा दोन भाग केले, दोन्ही एनटीएफएस. विंडोज बसत आलं तसं मशीनने पासवर्ड मागितला. मी घातला. आप्पा मागे येऊन उभे राहिले.

"काय घातलं? आम्हाला सांगून ठिवा."

"मला काढाल त्या दिवशी सभेत सगळ्यांसमोर लिहून देईन. तोवर ही खुर्ची माझी. पुढच्या वर्षी पूजा असेल तेव्हाही मी यातच बसलेली असेन. चालत असेल तर करा, नसेल तर करू नका."

त्यांनी काय तोंड केलं ते मी बघितलं नाही. पासवर्ड दुसऱ्यांदा घातला आणि लोकांनी आणून दिलेल्या गठ्ठ्यातली पहिली चिठ्ठी हातात घेतली.