चकाचक मावशींचं बेसिन

आयसीयूतल्या मावशींचं खरं नाव हजेरीपटावर आहे, पण ते वाचायची वेळ कुणावर येत नाही. सगळं हॉस्पिटल त्यांना चकाचक मावशी म्हणतं. हे नाव कुणी ठेवलं ते सांगता येणार नाही. ज्याने ठेवलं त्याच्या हातात मावशींनी आधी फडकं दिलं असणार, एवढं मात्र नक्की. ज्या मोठ्या सर्जनसमोर शिकाऊ डॉक्टरांची बोबडी वळते, ते सर्जनसुद्धा दारात थांबून विचारतात, "मावशी, येऊ का आत?" मावशी "दोन मिनिटं" म्हणाल्या, की साहेब गुमान दोन मिनिटं उभे राहतात.

घरी तरी वेगळं काय असणार? नवऱ्याने कप तोंडाला लावला की खालची बशी धुवायला गेलेली असते. शेवटचा घोट घेईपर्यंत टेबलही पुसून होतं, म्हणून तो बिचारा हल्ली चहा उभ्यानेच पितो. मुलगा शहाणा. त्याने लांबच्या फेऱ्यांची नोकरी धरली. राहता राहिली सून. तिला मावशींनी शब्द टाकून आपल्याच हॉस्पिटलात लावलं होतं, वरच्या मजल्यावर, नवजात बाळांच्या वॉर्डात. सून कामाला चलाख, पण गाणं गुणगुणत काम करायची आणि मावशींनी काही सांगितलं की "हो आई" म्हणून पुन्हा आपल्या पद्धतीनेच करायची. फडक्याची घडी चारपदरी घाल म्हटलं तर ही आठपदरी घालणार! "पालथ्या घड्यावर पाणी," असं मावशी नवऱ्याला दिवसातून दोनदा ऐकवायच्या. नवरा मान डोलवायचा. त्याचा स्वतःचा घडाही पालथाच होता, पण हे सांगण्याइतका तो भोळा नव्हता.

आयसीयूत तीन आणि चार नंबरच्या खाटांमध्ये हात धुवायचं बेसिन होतं, त्यात मावशींचा जीव. नळात तोंड बघून केस विंचरावेत, असं ते लखलखायचं. डॉक्टर, सिस्टर सगळे तिथेच हात धुवायचे आणि मावशी तिरप्या नजरेने बघायच्या, कोण पाणी बाहेर उडवतंय ते.

आता या बेसिनची गंमत ऐका. मावशी नव्या होत्या तेव्हा एका सिस्टरने सलाईनमध्ये औषध मिसळलेली छोटी बाटली दाखवून म्हटलं होतं, "मावशी, हे सगळ्यात जबरदस्त औषध. याच्यापुढे कुठलाच जंतू टिकत नाही." पेशंटला देऊन झाल्यावर अशा बाटल्यांत घोटभर औषध उरायचं. ते जाळायला जाणाऱ्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकायचा नियम होता. मावशींना तो नियम मोरीत कधी हात न घातलेल्या माणसाने केलेला वाटला. माणसाच्या रक्तातला जंतू मारणारं औषध पाइपातला जंतू मारणार नाही होय? आणि इतकं भारी औषध फेकून द्यायचं? छे! त्या दिवसापासून उरलेला घोट बेसिनच्या जाळीत जाऊ लागला. सकाळी एक, दुपारी एक, कधी तीन. चोरी नव्हती ती, पण चारचौघांसमोर करायचीही गोष्ट नव्हती. बावीस वर्षांत ही युक्ती त्यांनी एकाच माणसाला शिकवली. सुनेला. वर बजावलं, "तिथे एवढीएवढीशी बाळं असतात. रोज न चुकता ओतायचं." रोज घरी आल्यावर विचारायच्याही, "ओतलंस?" सून म्हणायची, "हो आई."

त्या महिन्यात आयसीयूला दृष्ट लागल्यासारखं झालं. एकामागून एक तीन पेशंटना इथे आल्यावर ताप भरला आणि तिघांच्याही रक्तात एकच जंतू सापडला. त्यातल्या दोन नंबरच्या आजी गेल्या. तिसरे होते चार नंबरवरचे शिंपीकाका. पोटाचं ऑपरेशन छान झालं होतं, उद्या साध्या वॉर्डात जायचे होते. पडल्या पडल्या मावशींच्या गणवेशाची चेष्टा करायचे. "मावशी, ही बाही कुणी शिवली हो? पकडून आणा त्याला, मी बरा झालो की बोलतो त्याच्याशी." दुसऱ्या दिवशी काकांना डोळेही उघडवेनात. डॉक्टर औषध बदलत गेले आणि जंतू एकेका औषधाला पुरून उरला. शेवटी एकच औषध राहिलं, तेही मूत्रपिंडाला जड जाणारं. काकांची बायको बाहेरच्या बाकावर बसून राहायची. मावशी तिच्याजवळून जाताना मुद्दाम सावकाश जायच्या.

मग तपासाला आल्या जंतूंच्या डॉक्टरीणबाई. म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून ओळखणाऱ्या डॉक्टर. बुटक्या, तुरुतुरु चालणाऱ्या, हातात कापसाच्या काड्यांचा ट्रे. त्यांनी खाटांचे दांडे पुसून नमुने घेतले, सर्जनसाहेबांचा फोन पुसला आणि शेवटी मावशींच्या फडक्याला काडी लावली. मावशींचा पारा चढला. "बाई, या फडक्यावर तुम्ही जेवायला वाढून घ्या खुशाल!" फडकं खरंच स्वच्छ निघालं. दोन दिवस मावशींचे पाय जमिनीवर नव्हते.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई दोन पसरट डब्या घेऊन आल्या आणि सगळ्यांना बेसिनपाशी बोलावलं. डब्यांत जंतू वाढवलेले होते आणि त्यांच्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या बारीक चकत्या ठेवलेल्या होत्या. पहिल्या डबीत साधे जंतू होते आणि प्रत्येक चकतीभोवती मोकळं वर्तुळ होतं. तिथले जंतू मेले होते. दुसऱ्या डबीत वर्तुळंच नव्हती. जंतू थेट चकतीला चिकटून वाढले होते, जसा काही औषधाचाच पाहुणचार चालला होता.

"ही दुसरी डबी या बेसिनखालच्या वाकड्या पाइपातली," त्या म्हणाल्या. "काकांच्या रक्तात आहे तोच जंतू. नळाची धार सरळ जाळीवर पडते, बारीक थेंब उडतात, हातावर, ट्रॉलीवर, खाटेवर."

"पण मॅडम, हे बेसिन तर आरशासारखं आहे," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"वरून. पाइपात कुठून तरी औषध जात असणार, थोडं थोडं, पण रोज. त्याने कच्चे जंतू मरतात आणि पक्के उरतात. मग पक्क्यांचीच पिलावळ वाढते. वर हे एकमेकांना शिकवतातही. एकाला औषध पचवायची युक्ती सापडली, की तो ती शेजाऱ्याला देऊन टाकतो."

मावशींनी हातातली बादली हळूच खाली ठेवली.

"कोणी काय ओतलं ते नंतर बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बेसिन आजच काढायचं. नवं खाटांपासून लांब बसवायचं." सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि लोक पांगू लागले. कुणी मावशींकडे बघितलंसुद्धा नाही. चकाचक मावशींवर कोण संशय घेणार? बेसिन जाणार, पाइप जाणार, गोष्टही त्यांच्याबरोबर जाणार. मावशींनी गप्प बसायचं ठरवलं होतं, हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केलं. नंतर त्यांना वरचा मजला आठवला.

"मॅडम, मी ओतायचे."

मोठ्या सिस्टर वळल्या. "काय ओतायचात?"

"औषध. बाटलीत उरलेलं. मला वाटलं, जंतू मरतील." बावीस वर्षं ज्या आवाजाला सर्जन दबून असायचे, तो आवाज आता जेमतेम ऐकू येत होता.

डॉक्टरीणबाईंनी 'का' विचारलं नाही, की कपाळाला हातही लावला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "आणखी कुठे?"

"बाळांच्या वॉर्डात. सुनेला मीच शिकवलंय."

बाईंनी ट्रे उचलला आणि जिन्याकडे निघाल्या. मावशी मागून. अर्ध्या जिन्यात त्यांनी विचारलं, "मॅडम, दोन नंबरच्या आजी?"

बाई थांबल्या. "नक्की कधीच सांगता येणार नाही मावशी. पण खोटं सांगून तुमची समजूत काढणार नाही. असू शकेल."

वर बाळांच्या वॉर्डात अकरा बाळं होती, दोन काचेच्या पेटीत. सून पेटीची काच पुसत होती, तोंडाने गाणं चालूच. मावशी थेट तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आजूबाजूला सिस्टर होत्या, दोन आया होत्या, काल बाळंत झालेली एक पोरगी होती. यांच्यासमोर नको, असं मावशींना फार वाटलं. तरी त्या बोलल्या.

"अगं, ते औषध ओतायचं बंद कर. मी तुला चुकीचं शिकवलं. त्याने जंतू मरत नाहीत, माजतात. माझं चुकलं."

सून बघतच राहिली. सासूच्या तोंडून 'माझं चुकलं' हे शब्द तिने लग्नापासून ऐकले नव्हते. तिच्या नवऱ्याने तर जन्मापासून ऐकले नसतील. मग तिने मान खाली घातली.

"आई, मी कधी ओतलंच नाही."

"म्हणजे? रोज तर विचारायचे मी!"

"आणि मी हो म्हणायचे. तुमच्याशी वाद कोण घालणार? पिवळ्या पिशवीत टाकायचे मी. पहिल्याच दिवशी सिस्टरनी तसं सांगितलं होतं."

"तीन वर्षं खोटं बोललीस माझ्याशी?"

"हो."

मावशींनी दोन्ही हातांनी तिचे गाल धरले आणि तिथेच, भर वॉर्डात, हुंदके देऊन रडल्या. "बरं केलंस गं बाई. माझं ऐकलं नाहीस ते फार बरं केलंस." सून घाबरली. सासूचा ओरडा तिला सवयीचा होता, हे नवीन होतं. तोवर डॉक्टरीणबाईंनी बेसिनच्या जाळीत काडी घालून नमुना घेतलाही होता.

दोन दिवसांनी त्या नमुन्याची डबी आली. प्रत्येक चकतीभोवती हातभर नाही, पण चांगलं बोटभर मोकळं वर्तुळ. त्या शेवटच्या औषधाने शिंपीकाकांचा ताप आठव्या दिवशी उतरला. ते बरेच खंगले होते, शिलाईची सुई धरायला त्यांना पुढे दोन महिने लागले. मावशींना वरून लेखी समज मिळाली. ती त्यांनी गुपचूप सही करून घेतली आणि सही करताना टेबलावरचा चहाचा डाग पुसला नाही, यावरून ऑफिसातल्या लोकांना त्यांची काळजी वाटली.

घरात मात्र अजब घडलं. सून "हो आई" म्हणायची सोडून "नाही आई" म्हणायला लागली आणि मावशी ऐकून घ्यायला लागल्या. नवऱ्यानेही तेवढ्यात हात धुवून घेतले. तो आता बसून चहा पितो.

कामावर नवी बाई लागली, की पिवळी पिशवी कशासाठी असते ते मावशी स्वतःच तिला सांगतात. बेसिनपासून सुरुवात करून आजींपर्यंत, सगळं, काही न लपवता. सिस्टर म्हणतात, "मावशी, नियम सांगा, पुरे. एवढं कशाला?" मावशी ऐकत नाहीत. परवा एका नव्या पोरीने सगळं ऐकून घेतलं आणि भाबडेपणाने विचारलं, "मग त्या आजी तुमच्यामुळे गेल्या का हो?"

सिस्टरने पोरीला डोळ्याने दटावलं. मावशी म्हणाल्या, "दटावू नका तिला. मीपण तेच विचारते रोज."