कर्नेलची सावड

काही घरांत चपला जमतात, काही घरांत प्लॅस्टिकच्या पिशव्या. आमच्याकडे किस्से जमतात. दोष सगळा डेअरीचा! सकाळ-संध्याकाळ सगळं गाव किटल्या घेऊन रांगेत उभं असतं, आणि रांगेतल्या माणसाला तोंड बंद ठेवता येत नाही. त्यात दोन वर्षांपूर्वी डेअरीत कम्प्युटर आला आणि तो सांभाळायला मी. मग काय विचारता! माझी मुलगी ओवी दुपारी झोपते, तेवढ्या वेळात हे लिहून काढतेय. ती मध्येच उठली तर एखादं वाक्य अर्धं राहील, तेवढं सांभाळून घ्या.

मी मनीषा. माहेर जुन्नर तालुक्यातलं डिंगोरे, सासर आंबेगावातलं अवसरी बुद्रुक. शिक्षण कम्प्युटर इंजिनिअरिंग. पुण्यातली नोकरी ओवीच्या वेळी सोडली, तेव्हा "वर्षभरात परत जाईन" असं सगळ्यांना सांगितलं होतं. त्या वर्षाला आता अडीच वर्षं झाली!

*

माझे सासरे, तात्या, गावच्या दूध डेअरीचे सचिव. डेअरीने घेतलेल्या सेकंडहँड कम्प्युटरला दर महिन्याला व्हायरस लागायचा. मी त्यावर फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. वजनकाटा, दुधातलं फॅट मोजणारं मशीन आणि पावतीचा प्रिंटर एकदम जोडता यावा म्हणून पुण्याहून एक जुनं कार्डही आणलं.

तात्यांना यातलं एकच खटकलं.

"फुकाट? मग ह्यात राबतं कोण?"

मी सांगितलं, जगभरची माणसं राबतात, आपापल्या घरी बसून. सिस्टीमचा गाभा असतो, त्याला कर्नेल म्हणतात. कुणी त्यातली एक चूक काढतं, कुणी दुसरी. एकाने केलेलं सगळ्यांना मिळतं.

तात्यांचा चेहरा एकदम खुलला. "म्हंजी सावड म्हण की! आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या रानात."

चार वर्षं इंजिनिअरिंग करून मला ओपन सोर्स इतकं नीट सांगता आलं नव्हतं! मी कौतुकाने मान हलवतेय तोवर तात्यांनी पुढचा प्रश्न टाकला.

"आपण त्यांच्याकडं कवा जायाचं?"

मी विषय बदलला.

*

पहिला महिना झकास गेला. इतका, की डिंगोऱ्याच्या डेअरीत माझ्या वडिलांनी छाती फुगवून सांगितलं, "आमच्या पोरीनं बसवलंय," आणि त्या डेअरीनेही तेच कार्ड घेतलं. मग लोडशेडिंगचे तास वाढले.

आता सकाळ-संध्याकाळ ऐन दूध घालायच्या वेळी लाईट जायची. कम्प्युटर बॅटरीवर तग धरायचा. पण लाईट परत आली, की काटा आणि फॅट मशीन एकदम जागे व्हायचे, दोघेही काहीतरी बरळायचे आणि कम्प्युटर जागच्या जागी गोठायचा. माऊस हलेना, बटण दबेना. रांग थेट पाराच्या पलीकडे.

"सूनबाईचं कम्प्युटर रुसलं!"

"पुण्याचं हाय, गावात करमत नसंल त्याला."

"आवो वयनी, लवकर करा, आमच्या म्हशीचं फॅट आत आडकलंय!"

मी ओवीला काखेत घेऊन पळत यायची, मशीन बंद-चालू करायची आणि "होईल हं, होईल," म्हणायची. हे वाक्य मी मशीनला म्हणत होते, लोकांना की स्वतःला, देवाला ठाऊक. माझंच काहीतरी चुकलंय याबद्दल मला तरी शंका नव्हती. माझं नेहमीच चुकलेलं असतं. गॅस बंद केला का, हे बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परत येणारी बाई!

शेवटी कर्नेलमधला त्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्डाशी बोलणारा तेवढाच भाग, उघडून वाचायला घेतला. हे या सिस्टीमचं सुख, आतलं सगळं उघडं असतं. आठ दिवस दुपारच्या झोपेएवढं वाचलं. (झोप ओवीची!) आणि नवव्या दिवशी ती ओळ सापडली. दोन यंत्रांकडून एकाच वेळी चुकीचा सिग्नल आला तर ड्रायव्हर त्याच त्या फेऱ्यात अडकायचा, बाहेरच पडायचा नाही. आणि वर मूळ लेखकाने इंग्रजीत टीप लिहून ठेवली होती, "असे कधीच घडणार नाही."

बरोबरच आहे. तो बिचारा कधी अवसरीला आला नव्हता!

*

चूक सापडणं वेगळं आणि दुरुस्त करणं वेगळं. कोड बदलला की अख्खं कर्नेल पुन्हा बांधायचं. कम्प्युटर ते काम एकटा करतो, पण आमच्या घरच्या मशीनवर त्याला तीन तास लागायचे. आणि दुपारी लाईट असायची साडेतीन तास. मी घड्याळ लावून काम सुरू करायची आणि स्क्रीनवर भराभरा ओळी पळू लागल्या की धुणं घेऊन आडावर जायची.

एकदा परत आले तर स्क्रीन काळाठिक्कर. लाईट तर होती!

सासूबाई शांतपणे शेंगा फोडत बसल्या होत्या. "मीच बंद केलं गं. कवाचं चालू व्हतं. म्हणलं, टाकी भरली आसंल."

*

शेवटी जमलं. आता चूक तर सगळ्या जगाची होती, म्हणजे दुरुस्तीही जगाकडे पाठवायला हवी. यासाठी एक मेलिंग लिस्ट असते. तिथे कुणीही लिहितं आणि मग सगळे मिळून त्याची चिरफाड करतात. माझं पत्र मी अकरा वेळा लिहिलं. त्यातल्या नऊ वेळा सुरुवात "माफ करा" अशी होती. शेवटी संतोषने, माझ्या नवऱ्याने, मागून येऊन पाठवायचं बटण दाबलं, "आता झालं," म्हणाला आणि चाकणला ड्युटीवर निघून गेला.

उत्तर आलं कॅनडातून. कर्नेलचा तेवढा भाग ज्याच्या देखरेखीखाली होता, तो माणूस. (तात्यांनी त्याचं नाव लगेच "तिकडचं पावणं" ठेवलं.) सभ्य, पण कोरडा. लिहिलं होतं, "मी वायर चाळीस वेळा काढून-घालून पाहिली. असं होत नाही. तुमच्याकडे किती वेळा होतं?"

मी लिहिलं, "दिवसातून दोनदा. सकाळी सव्वासातला आणि संध्याकाळी सव्वासहाला."

"इतकी अचूक वेळ तुम्हाला आधीच कशी कळते?"

"पेपरात छापून येते."



*

तिसऱ्या दिवशी माझी दुरुस्ती परत आली. नाकारलेली. कारण काय, तर ओळींच्या सुरुवातीला सोडलेली जागा त्यांच्या पद्धतीने नव्हती. विचाराबद्दल चकार शब्द नाही! मी रडकुंडीला आले. तात्या दूध मोजून घरी आले होते, त्यांनी विचारलं, "का गं, फॅट कमी भरलं?"

"नाही तात्या. आतलं दूध बघितलंच नाही. किटली बाहेरून पुसलेली नाही म्हणून परत पाठवलंय."

मला वाटलं, तात्या माझ्या बाजूने दोन शिव्या घालतील. तर ते टोपी काढून खुंटीला लावत म्हणाले, "मग बराबर हाय त्यांचं. डेअरी चांगली दिसतीय."

मी निमूट किटली पुसली. एकदा नाही, चार वेळा.

*

आणि मग ते पत्र आलं. कॅनडाच्या पाहुण्यांनी सगळ्यांनाच कळवलं होतं, या ड्रायव्हरला आता वाली नाही. मूळ लेखक कित्येक वर्षं उत्तर देत नाही. कुणी जबाबदारी घेतली तर ठीक, नाहीतर आठ दिवसांनी निघणाऱ्या नव्या आवृत्तीतून ड्रायव्हर काढून टाकू.

काढून टाकला म्हणजे आमचं कार्ड भंगारात. अवसरीचंही आणि डिंगोऱ्याचंही. तिकडे वडील छाती फुगवून बसले होते!

जबाबदारी घ्यायची म्हणजे कर्नेलच्या यादीत आपलं नाव घालायचं. जगात कुणाचंही त्या कार्डावरचं काही बिघडलं, की पत्र आपल्याला. मी संतोषला म्हटलं, "मी? मला ओवीचं टोपडं वेळेवर सापडत नाही! मी गॅस तीन-तीनदा तपासते. कुलूप लावून परत ओढून बघते. माझ्यासारखीवर कोण भरवसा ठेवणार?"

तो बुटाची नाडी बांधत होता. वर न बघता म्हणाला, "जी बाई कुलूप लावून परत ओढून बघते, तिच्या हातात नाही तर कुणाच्या हातात द्यायचं ते?"

मी नाव कळवून टाकलं. मग ते गेलं का, हे तीनदा उघडून बघितलं.

पाहुण्यांनी अट घातली. खऱ्या मशीनवर, खरी लाईट शंभर वेळा गेली-आली पाहिजे आणि कम्प्युटर एकदाही गोठता कामा नये. मगच नाव आणि मगच ड्रायव्हर राहील.

दिवसाला दोनदा म्हणजे पन्नास दिवस. हातात आठ!

*

डेअरीचं मेन बटण बंद-चालू करून पाहिलं. जुन्या, न दुरुस्त केलेल्या कर्नेलवरही मशीन गोठेना. मग लक्षात आलं, कॅनडात तरी का गोठावं? बटणाने लाईट येते ती शहाण्यासारखी एकदाच येते. आमची डीपीवरून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरून, येते ती तीनदा डोकावते, मग आत येते. शंभर वेळा लाईट घालवायची, तर ती डीपीवरूनच.

डीपी गेनूभाऊंच्या ताब्यात. गेनूभाऊ गावचे वायरमन. पन्नाशीचे, कमरेला पक्कड, आणि सगळ्या गावाच्या शिव्या खाऊन कातडी निबर झालेली. तात्या आणि मी त्यांच्याकडे गेलो. मी सगळं समजावून सांगितलं, ड्रायव्हर, यादी, कॅनडा, आठ दिवस. गेनूभाऊंनी पूर्ण ऐकून घेतलं.

"वयनी, बावीस वर्षं झाली नोकरीला. लाईट का आली न्हाई म्हणून लोक घरी येत्यात. घालवा म्हणून आजपातूर कोन आलं नव्हतं!"

तात्या म्हणाले, "गेनू, सावड हाय. तिकडची माणसं आपल्यासाठी राबली, आता आपली पाळी."

"मग नाय कसं म्हणायचं?" गेनूभाऊ उठलेच. "त्या डीपीची तपासणी तशीबी करायचीच व्हती."

दुपारी, दोन वेळच्या दुधाच्या मध्ये, सुरुवात केली. गेनूभाऊ डीपीपाशी, तात्या डेअरीच्या दारात टॉवेल घेऊन, मी मशीनसमोर आणि सासूबाई ओवीला घेऊन माझ्या शेजारी. मी "हां" म्हटलं की तात्या टॉवेल वर करायचे, की लाईट गुल! टॉवेल खाली, की लाईट आली. मी वहीत एक रेघ मारायची.

पंधराव्या रेघेला गिरणीवाला धावत आला. "आरं गेनू, पीठ करू का भरडा?"

"भरडाच कर आज! कॅनडाचं काम चालू हाय!"

चाळिसाव्या रेघेला निम्मं गाव डीपीपाशी उभं. ज्यांनी एरवी गेनूभाऊंना शिव्या घातल्या असत्या, तेच मोजत होते. "येक्केचाळीस! बेचाळीस!"

सहासष्टाव्या वेळी लाईट आली आणि माझी स्क्रीन काळी पडली.

संपलं! दारातून तात्या ओरडले, "काय झालं गं?" टेबलाखाली बघितलं, तर ओवी बसली होती आणि तिच्या हातात मॉनिटरची वायर!

"माझ्या मांडीवरून कवा उतरली, कळलंच न्हाई बाई," सासूबाई म्हणाल्या. वायर परत लावली. कम्प्युटर चालूच होता, एका ओळीचाही खोळंबा नव्हता. बाहेर "सदुसष्ट!" असा गजर झाला.

शंभर झाले तेव्हा गेनूभाऊंनी दोन्ही हात वर करून नमस्कार केला. संध्याकाळचं दूध त्या दिवशी वेळेवर निघालं.

दुरुस्ती पाठवताना खाली दोन ओळी लिहायची पद्धत आहे. काम कुणी केलं आणि तपासून कुणी पाहिलं. पहिलीत मी माझं नाव घातलं. दुसरीत, खाडाखोड न करता, घातलं, "गेनूभाऊ, वायरमन, अवसरी बुद्रुक."

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. ड्रायव्हर राहिला. यादीत नाव माझं! संतोषने दोन्ही पानांचे, यादीच्या आणि दुरुस्तीखालच्या त्या दोन ओळींच्या, प्रिंट काढून आणले. तात्यांनी ते डेअरीत दुधाच्या दरपत्रकाशेजारी खळीने चिकटवले आणि येणाऱ्या प्रत्येकाला बोट ठेवून दाखवू लागले. "ही आमची मनीषा. आन् ह्यो आपला गेनू. आता सगळ्या जगात जातंय हे!" मी तिथून जाताना मान खाली घालते. पण दिवसातून चार वेळा तिथूनच जाते.

गेनूभाऊ आले, चष्मा लावून स्वतःच्या नावाची ओळ दोनदा वाचली. मी म्हटलं, "भाऊ, तिकडच्या पाहुण्यांनी तुमच्यासाठी निरोप पाठवलाय. त्यांच्याकडे अजून एक ड्रायव्हर आहे, लाईट आली की अडकणारा. तपासायला जगात दुसरं कुणी सापडत नाही. विचारलंय, गेनूभाऊंना कोणत्या दिवशी सवड आहे?"

गेनूभाऊंनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"कवाबी सांगा त्यांला. गुरुवार तेवढा सोडून."

"का, गुरुवारी काय?"

"गुरुवारी मेंटेनन्सची लाईट घालवायची आपली ड्युटी आसती, वयनी. ती काय सावड न्हाई."