आमचा पूर, त्यांचं वादळ

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावापासून समुद्र दोन-अडीच तासांच्या ड्राइव्हवर आहे, पण वादळाची नुसती चाहूल लागली तरी आमच्या दुकानांतून पाणी आणि ब्रेड गायब होतात. त्या वर्षीही तेच झालं. टीव्हीवर रेनकोट घातलेला एक बातमीदार वाऱ्यात वाकडातिकडा होत जिवाच्या आकांताने ओरडत होता. त्याच्या मागून एक माणूस कुत्र्याला घेऊन निवांत फिरायला चालला होता. कॅमेरा घाईघाईने दुसरीकडे वळला.

त्याच दिवसांत सांगलीकडे कृष्णा चढली होती. माझा धाकटा भाऊ नदीकाठच्या गावात राहतो, त्याचा दुधाचा धंदा आहे. पाणी गोठ्यात शिरलं तेव्हा त्याने म्हशींची दावी कापली आणि आईला पाठुंगळी मारून शाळेच्या गच्चीवर नेलं. तिथून त्याने मला एक व्हिडिओ पाठवला: गढूळ पाण्यात म्हशींची फक्त तोंडं वर. त्यानंतर त्याचा फोन बंद झाला.

मी वेड्यासारखी चॅनल बदलत बसले. शेवटी एका ठिकाणी सापडलं. रेनकोटवाल्याच्या पायाखालच्या पट्टीत 'भारतात पावसाचे बळी' एवढंच सरकत गेलं. त्याच्यामागून गाद्यांचा सेल आला.

संतापून मी इथल्या एका लोकल चॅनलला सणसणीत मेल लिहिली. आश्चर्य म्हणजे त्यांचा फोन आला, आणि दुसऱ्या दिवशी एक तरुण बातमीदार बाई कॅमेरामनला घेऊन घरी हजर झाली. तिला लोकल अँगल हवा होता. लोकल अँगल म्हणजे मी.

"तिथे कोणी अमेरिकन अडकलेत का?" तिने पहिलंच विचारलं.

"माझी आई अडकली आहे."

"आई अमेरिकन सिटिझन आहे का?"

"नाही."

तिने मान डोलावली, एखाद्या दुकानात हवा तो साइज मिळू नये तशी. मग म्हशींचा व्हिडिओ पाहिला आणि तिचा चेहरा उजळला. "हे ग्रेट आहे," ती म्हणाली. मला देवघरापुढे बसवून तिने खूप वेळ शूटिंग केलं. धरणातून सोडलेलं पाणी, काठावरची गावं, सगळं मी जीव तोडून सांगितलं. जाताना तिने विचारलं, "आईबद्दलचं ते वाक्य परत म्हणाल? जरा सावकाश?" मी ते परत म्हटलं नाही.

संध्याकाळी दाखवलं ते असं: माझा चेहरा, म्हशी, पुन्हा माझा चेहरा. माझा आवाज नव्हताच. खाली लिहिलं होतं, 'पुरातून वाचलेली महिला'. मी कॅरीत सोफ्यावर बसून वाचले होते. लगेच पुढची बातमी सुरू झाली, किनाऱ्यावरच्या कुठल्याशा गावात गटारातून काढलेल्या कुत्र्याची. ती कितीतरी लांबली. कुत्र्याचं नावसुद्धा सांगितलं. माझ्या भावाच्या गावाचं नाव कोणी घेतलं नाही.

भावाचा फोन आला तो मदत केंद्रातून, कुणाच्या तरी मोबाइलवरून.

"आक्का, बरी हाईस न्हवं?"

"मी? अरे, आई कशी आहे?"

"आई बरी हाय, जेवली आत्ताच. पर तुमच्याकडं लई मोठं वादळ आलंय म्हणं. हितं टीव्हीवर सारखं तेच दावत्यात. आई घाबरलीय."

घरात छातीभर पाणी असलेली माणसं सतरंजीवर बसून त्या रेनकोटवाल्याला पाहत होती आणि माझी काळजी करत होती. आमचे मराठी चॅनलवालेही त्याच लायकीचे निघाले.

"तिकडं आमचं काय दावलं का?" त्याने विचारलं.

"दाखवलं. म्हशी दाखवल्या."

"खरं?" त्याचा आवाज खुलला. "आमच्या म्हशी अमेरिकेत दावल्या," असं त्याने शेजारच्या कुणाला तरी सांगितलेलं मला ऐकू आलं. त्याला बरं वाटलं, याचाच मला त्या सगळ्यांपेक्षा जास्त राग आला.

वादळ ऐनवेळी समुद्राकडे वळलं. आमच्या घरामागच्या लाकडी डेकवर पाइनची एक फांदी पडली. तिकडे दोन म्हशी पोहत पलीकडच्या मळ्यात निघाल्या, बाकीच्या सापडल्याच नाहीत. आई पाणी ओसरल्यावर घरी परतली आणि पुढे कितीतरी दिवस भिंतींचा चिखल खरवडत राहिली.

ऑक्टोबरात त्या बातमीदार बाईची मेल आली. दिवाळीवर काहीतरी करायचं होतं, घरात रांगोळी काढणार असाल तर उत्तम, असं तिने लिहिलं होतं. मी ती उत्तर न देता डिलीट केली.