चार बिऱ्हाडं आणि एक लुगडं

मी बांधलेली पहिली चाळ लुगड्याने मोजलेली आहे. पुढे मी बऱ्याच इमारती उभ्या केल्या, पण डोंबिवलीतली जुनी माणसं अजून तिच्याबद्दलच विचारतात.

स्वराज्य मिळून तीनचार वर्षं झाली होती. ठाकुर्लीच्या बाजूला नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एक मोकळी जागा होती. मुंबईहून रोज कुणी ना कुणी खोली विचारत यायचं. ते पाहून माझ्या अंगात वारं शिरलं आणि मी कचेरीतली कायमची नोकरी सोडली. (तेव्हा 'बिल्डर' हा शब्द आमच्याकडे पोचला नव्हता. नोकरी सोडणाऱ्याला 'बेकार' म्हणत, आणि नाना तेच म्हणत.)

"चार बिऱ्हाडांची चाळ बांध," नाना म्हणाले. "अक्षय्यतृतीयेपर्यंत चारी बिऱ्हाडं भरून दाखव, जागा तुझ्या नावावर करतो. नाही जमलं तर साहेबाचे पाय धर आणि परत खुर्चीवर जाऊन बस."

दिवाळी सरताच मी भूमिपूजनाचा मुहूर्त काढला. सकाळी नऊ वाजून बारा मिनिटं! नऊ वाजता आमचा गवंडी पदू मेस्तरी आखणीसाठी चुन्याच्या फक्कीची पाटी घेऊन हजर, गुरुजी हजर, नारळ हजर. फक्त मोजायची टेप नव्हती. ती शेजारच्या ओव्हरसियरांची, आणि ओव्हरसियर ती कपाटात कुलूपबंद करून सासुरवाडीला गेलेले.

"आजचा मुहूर्त टळला तर महिनाभर दुसरा नाही," गुरुजी म्हणाले.

तेवढ्यात माझी नजर पूजेच्या ताटावर गेली. भूमातेची ओटी भरायला आणलेलं कोरं सुती लुगडं तिथे घडी घालून ठेवलं होतं. नऊवारी! नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. आणि पडवी, खोली, स्वयंपाकघर मिळून एका बिऱ्हाडाची लांबी मला किती हवी होती? सत्तावीस फूट! माझ्या बुद्धीचं मलाच कौतुक वाटलं. पदराचं टोक मी धरलं, दुसरं मेस्तरीने. गुरुजींनी मंत्र थांबवून आमच्याकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटून पुढे सुरू केलं. मुहूर्तावर दोन बिऱ्हाडं आखून झाली. उरलेली दोन उद्यावर टाकून मेस्तरी जेवायला गेला.

लुगडं चिखलाने आणि फक्कीने माखलं होतं. ते कशाने, हे मी माझ्या बायकोला, सुमतीला, सांगितलं नाही. "ओटीचं लुगडं असं लोळवतात का?" एवढंच म्हणून तिने ते खसाखसा धुतलं आणि वाळत घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती विहिरीवर गेलेली असताना मी ते दोरीवरून काढलं आणि उरलेली दोन बिऱ्हाडं आखून मोकळा झालो.

खळ घातलेलं स्वस्तातलं लुगडं पहिल्या धुण्यात आटतं, हे डोंबिवलीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. मॅट्रिकला गणितात पहिल्या आलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं.

भिंती छपराला आल्या तेव्हा वासे घालायला आलेला सुतार चाळीच्या मागे गेला आणि तिथूनच मला हाका मारू लागला. पुढून चाळ सुतात होती. मागून दोन बिऱ्हाडांची भिंत थेट कुंपणाला टेकलेली, आणि दोन बिऱ्हाडं चांगली दोन हात आखूड!

"मेस्तरी, हे काय करून ठेवलंस?" मी विचारलं.

"मना काय म्हायती, शेट? तुमी लुगरा दिला, मी धरला."

आखूड बिऱ्हाडांमागे पडलेली ती खाच नानांनी काठीने मोजली. "उद्या साहेबांना भेटून या," म्हणाले. नाना मला अहो-जाहो करू लागले की काम हाताबाहेर गेलं समजायचं.

संध्याकाळी सुमतीला सगळं खरं सांगितलं. ती विटांच्या ढिगावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग उठून त्या खाचेत जाऊन उभी राहिली.

"इथे धुण्याचा दगड बसवा. आणि त्या कोपऱ्यात तुळस."

"अगं, इथे माझी अब्रू चाललीय आणि तुला धुणं सुचतंय?"

"तुम्ही बसवा तर."

बसवला. पहिल्यांदा जागा बघायला आल्या त्या कल्याणच्या एक मास्तरीणबाई. लांब बिऱ्हाडं पाहून "बरी आहेत" म्हणाल्या. आखूड बिऱ्हाडाचं मागचं दार उघडून बाहेर गेल्या आणि दगडावर बसूनच राहिल्या. "आडोसा आहे हो. कुणाच्या नजरेसमोर धुणं नको. आम्हाला हेच द्या."

दुसरं आखूड बिऱ्हाड आठ दिवसांत गेलं. मग भांडणं सुरू झाली. "आम्हाला आखूड का नाही? आम्हीच काय घोडं मारलंय?" शेवटी सुमतीने लांबवाल्यांना दगड एक दिवसाआड वापरायला मिळवून दिला, आणि अक्षय्यतृतीयेच्या आत चारी बिऱ्हाडांत चुली पेटल्या. मी अक्षरशः हवेत चालत होतो.

नानांनी शब्द पाळला. कागद तयार करून आम्हा दोघांना कल्याणला रजिस्ट्रारकडे नेलं. मी कोट घालून, बाह्या सावरून सहीला पुढे झालो. नानांनी टाक सुमतीच्या हातात दिला.

"चाळ हिने भरली," ते म्हणाले. "तू खाली कर सही. साक्षीदार म्हणून."

माझ्या धंद्यातली ती पहिली सही.