काखेतली जागा

खराडीत आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एका काकांचं स्टिकर छापण्याचं दुकान आहे. स्टिकरच्या चिकट प्लास्टिकच्या, म्हणजे व्हिनाइलच्या, रोलवर बोटभर जागा रिकामी राहिली, तरी त्यांना चैन पडत नाही. एकाच्या चित्रातल्या खाचेत ते दुसऱ्याचं चित्र बसवतात; मशीन मग प्रत्येकाला कडेकडेनं कापून वेगळं करतं.

परवा दारावरच्या नावाचं स्टिकर करायला गेलो, तर रोलवर निवडणुकीचे दोन विरोधी उमेदवार शेजारी-शेजारी, एक सुलटा, एक उलटा. एक कार्यकर्ता भडकला होता. "आमच्या साहेबांचं डोकं त्याच्या पायाशी?"

"अहो, त्याचं तरी कुठंय? तुमच्या साहेबांच्या पायाशीच ना?" ते मान वर न करता म्हणाले.

कार्यकर्त्यानं तेवढ्याच भागाचा फोटो काढला आणि खुशीत गेला.

मग ते माझ्याकडे वळले. "तुमचं नाव जरा बारीक करू का? साहेबांच्या काखेत बसतंय."