चार पॉइंट कमी

माणसं सकाळी उठून आरशात तोंड बघतात, पॉइंटशेठ मोबाइलमध्ये क्रेडिट स्कोअर बघत. चूळ भरायच्या आधी, एक डोळा अजून मिटलेला असताना. तो आकडा महिन्यातून एकदाच बदलतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी रोज बघत. पॉइंट चढलेले दिसले की त्या दिवशी लॅबमधला चहा त्यांच्याकडून. उतरलेले दिसले तर कोणी शहाणा माणूस त्यांच्या वाटेला जात नसे.

पॉइंटशेठ हे नाव लॅबमधल्याच मंडळींनी ठेवलेलं. शेठ म्हणण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं, पॉइंट मात्र होते. लॅब दातांची. डॉक्टर लोक पेशंटच्या जबड्याचे साचे पाठवत आणि इथे, एका छापखान्याच्या मागच्या अंगाला, तीन कोंदट खोल्यांत त्यांच्या कवळ्या होत. पॉइंटशेठ तिथले सगळ्यांत जुने कारागीर. भुवयांवर कायम प्लास्टरची पांढरी भुकटी, त्यामुळे चाळिशीतच म्हातारे दिसायला लागले आणि पंचावन्नाव्या वर्षीही तेवढेच म्हातारे दिसत होते. कवळी तयार झाली की वरच्या आणि खालच्या दातांमध्ये निळा कागद ठेवून चावा उमटवायचा. जिथे डाग गडद, तिथे दात उंच. तो किंचित घासायचा. हे शेवटचं घासणं पॉइंटशेठकडे असे. हात इतका हलका की काही डॉक्टर त्यांचं नाव सांगून काम पाठवत.

खोड एकच. सगळे डाग सारखे उमटेपर्यंत त्यांना थांबवत नसे. डावीकडे घासलं की उजवी बाजू उंच वाटे, उजवीकडे घासलं की डावी. एकदा असं सारखं करता करता एका बिचाऱ्याचे दात त्यांनी इतके झिजवले की तोंड मिटल्यावर त्याचं नाक हनुवटीला भेटायला निघालं. ती कवळी त्यांनी पदरमोड करून नवी बनवून दिली. लॅबमध्ये पुढे महिनाभर हसणं चाललं, आणि पॉइंटशेठ खाली मान घालून घासत राहिले.

हे स्कोअरचं वेड काही जन्मजात नव्हतं. साडूने गाडीसाठी कर्ज काढलं तेव्हा हे जामीन राहिले होते. साडू गोडबोल्या. "नुसती सही तर करायचीय, दादा." दादांनी केली. चारदोन हप्ते भरून साडू गाडीसकट पसार झाला आणि बँकेने यांची मानगूट धरली. विकतचं दुखणं म्हणतात ते हेच. तडजोड करून थोडक्यात सुटता आलं असतं, पण पॉइंटशेठनी पै न पै भरली. त्यात तीन वर्षं गेली. इतकं करून, स्वतःसाठी लहानसं कर्ज मागायला गेले तर काउंटरमागचा माणूस सगळ्यांदेखत म्हणाला, "काका, तुमचं रेकॉर्ड खराब आहे." ज्याने आयुष्यात कोणाचा पैसा बुडवला नाही, त्याला हे ऐकावं लागलं. घरी येऊन ते भिंतीकडे तोंड करून निजले. साडू म्हणजे बायकोच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. पण बायकोला त्यांनी त्यावरून कधी अवाक्षर ऐकवलं नाही. हा त्यांचा मोठेपणा, आणि तो मान्य केलाच पाहिजे. फक्त बायकोला जे ऐकवलं नाही, ते सगळं त्या आकड्यात जाऊन बसलं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पॉइंटशेठ तर पाणीही फुंकून प्यायला लागले. कार्डाच्या मर्यादेच्या तीस टक्क्यांवर खर्च जाता कामा नये, असं कुठेतरी वाचलं होतं; हे पंचवीसवरच थांबत. दुकानात पिशवी भरून झाल्यावर हिशोब जरा वर जातोय असं दिसलं की साबण परत फळीवर. मागची गिऱ्हाइकं खोळंबायची, बायको जमिनीकडे बघायची. वेळेवर फेडलेल्या हप्त्यांनी स्कोअर वाढतो असं कळलं, तेव्हा घरात धडधाकट पंखा असताना दुसरा पंखा हप्त्याने आणला. खोकंही फोडलं नाही. हप्ते संपेपर्यंत तो पलंगाखाली होता आणि झाडताना केरसुणी त्याला अडायची. थेंबे थेंबे तळे साचे, हे खरंच आहे. पाचशे ऐंशीवर आपटलेला स्कोअर सहा-सात वर्षांत सातशेच्या वर आला. याचं कौतुक करायला हवं होतं आणि कोणी केलं नाही, हेही खरं.

आता हे सगळं कशासाठी, तर घरासाठी. ज्या दोन खोल्यांत ते भाड्याने राहत होते, त्याच खोल्या विकत घ्यायच्या होत्या. घरमालकीण वरच्या मजल्यावर एकटी राहायची. पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, त्यामुळे आवाज असा की जिन्यातून हाक मारली तरी कानाशी बोलल्यासारखी वाटे. तिला दोघंही वरच्या बाई म्हणत. मूलबाळ नाही, परदेशात एक पुतण्या. बाईंनी एकदा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "खोल्या तुम्हालाच देणार, आणि जुन्या भावाने देणार. तुम्ही माझं दुखणंखुपणं काढलंत. पण माझे डोळे उघडे आहेत तोवर करून घ्या रे बाबांनो. मागून पुतण्या येईल, तो काही तुमचा नाही."

पॉइंटशेठच्या बायकोला त्या दिवसापासून दुसरं काही सुचत नव्हतं. ती पडदे शिवायची. लग्नानंतरच्या पहिल्या सात वर्षांत पाच घरं बदलली होती, आणि दर वेळी गिऱ्हाईक पहिल्यापासून जमवावं लागलं होतं. आता कुठे आजूबाजूच्या चार गल्ल्यांत पडदे म्हटलं की तिचं नाव निघे. तिला पुन्हा बोचकी बांधायची नव्हती. एवढंच तिचं मागणं, आणि ते काही आभाळातला चंद्र मागण्यासारखं नव्हतं.

स्कोअर सातशे एकतीस झाला तेव्हा तीच त्यांना ओढून बँकेत घेऊन गेली. लोन बघणारी मॅडम बोलायला सरळ होती. कागद चाळून म्हणाली, "काका, कर्ज मिळेल. सातशे पन्नास असते तर व्याज पाव टक्का कमी पडलं असतं, इतकंच. दोनेक वर्षांनी दर कमी करून मागता येतो. घ्या आणि मोकळे व्हा."

बायकोचा चेहरा फुलला. पॉइंटशेठच्या डोक्यात मात्र सगळ्यातला पाव टक्का तेवढा शिरला. घरी येऊन त्यांनी दहा वर्षांचा पाव टक्का मांडला, तो बायकोला वाचून दाखवला आणि म्हणाले, "एवढे पैसे उगाच कोणाच्या घशात घालायचे?"

"अहो, पण घर तर होईल."

"होईल गं. पण खराब रेकॉर्डवाला म्हणून नाही घ्यायचं मला. पहिल्या रांगेत बसून घ्यायचंय."

खरं कारण हे होतं. पाव टक्का हा नुसता बुरखा. त्यांना त्या काउंटरमागच्या माणसाला उत्तर द्यायचं होतं, आणि तो तर केव्हाच बदली होऊन गेला होता. मंजुरीचं पत्र आलं, त्याची मुदत संपली, आणि पॉइंटशेठ सातशे अडतीसवरून सातशे बेचाळीसवर पोचल्याच्या आनंदात लॅबमध्ये चहा पाजत राहिले.

त्याच सुमारास त्यांनी वरच्या बाईंसाठी कवळी बनवायला घेतली. पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता. वर जाऊन बसवायचे, निळा कागद चाववायचे, काढायचे, खाली आणून घासायचे, पुन्हा वर. बाईंना एक सफरचंद दाताने चावून खायचं होतं. तिसऱ्या खेपेला त्यांनी ते खाल्लंही, पार बियांपर्यंत. पॉइंटशेठ तरी म्हणाले, "उजवीकडे एक डाग जरा गडद येतोय. परत नेतो."

बाईंनी कवळी हातात दिलीच नाही. "खाता येतंय ना मला? मग झालं तर. अति तिथे माती." आणि मग, तोंड पुसून, "खोल्यांचं काय करतोयस?"

"दोन महिने, बाई. सातशे पन्नास झाले की लगेच."

"तुला घर घ्यायचंय की परीक्षेत पहिलं यायचंय?"

पॉइंटशेठ हसले. बाई हसल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात आकडा आला सातशे सेहेचाळीस. चार पॉइंट कमी. आणि नेमक्या त्याच आठवड्यात बाईंना धाप लागायला लागली. डॉक्टर येऊन गेले. बायको वर सूप घेऊन गेली होती, ती परत आली तेव्हा तिच्या हातातलं भांडं तसंच भरलेलं होतं.

"अहो, बाई म्हणतायत, याच आठवड्यात सह्या करून टाकू. निदान साधा करार तरी. बँकेचं मागून होत राहील. त्यांना बरं वाटत नाहीये."

"करार करायचा म्हणजे बयाणा द्यायचा. साठवलेलं सगळं त्यात गेलं आणि मधेच कुठे खर्च निघाला तर कार्डावर जाणार. आणि आता या महिन्यात स्कोअरला धक्का लागला तर—"

"लागू दे ना!" ती कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी चढला. "लागू दे धक्का! हातचं सोडून कशाच्या पाठी लागलायत तुम्ही?"

"दहा-बारा दिवसांचा तर प्रश्न आहे. बाई काही कुठे पळून जात नाहीत."

असं बोलू नये. पण माणूस बोलून जातो, आणि बोललेलं परत गिळता येत नाही.

बाई त्या आठवड्यात गेल्या नाहीत, त्याच्या पुढच्या गेल्या. दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. पॉइंटशेठ लॅबमधून धावत आले, खांदा दिला, जे जे करायचं ते घरच्यासारखं केलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत नवा स्कोअर आला. सातशे बावन्न. कधी नव्हे ते त्यांनी तो दुपारी बघितला, आणि फोन उपडा ठेवून दिला. लॅबमध्ये त्या दिवशी चहाचं कोणी विचारलं नाही.

पुतण्या आला तो वाईट माणूस नव्हता, हे आणखीच अवघड. वाईट असता तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. त्याने चालू बाजारभाव सांगितला, जो बाईंच्या भावाच्या दुपटीहून वर होता. म्हणाला, "काकू तोंडी काय बोलली ते मला माहीत नाही. एक ओळीचा कागद असता तरी मी मान ठेवला असता." पॉइंटशेठ बँकेत गेले. त्याच मॅडमने स्कोअर बघून त्यांचं अभिनंदन केलं, सगळ्यांत कमी दर लावला, आणि हिशोब करून हळूच सांगितलं की एवढं मोठं कर्ज त्यांच्या पगारात आणि उरलेल्या नोकरीत बसत नाही. त्यांनी आभार मानले. बाहेर येऊन फाटकाशी बराच वेळ उभे राहिले, कोणत्या दिशेला जायचं ते आठवत नसल्यासारखे.

रात्री जेवताना बायकोला म्हणाले, "चुकलं माझं." ती म्हणाली, "जेवा आधी." तिने त्यांना एका शब्दाने दोष दिला नाही. तो दिला असता तर पॉइंटशेठना बरं वाटलं असतं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याची जागा मिळाली. सामान हलवायच्या दिवशी टेम्पो भरत आला होता. बायको शेवटचं बोचकं घेऊन जिन्यात उभी, पॉइंटशेठ दाराला कुलूप लावत होते. तेवढ्यात बाईंकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी वरून उतरल्या. पुतण्याने त्यांना आवराआवरीला बोलावलं होतं. दोघांना बघून त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"निघालात? बाईंना नसतं हो आवडलं. शेवटच्या दिवसांत सारखं तुमचंच चाललेलं असायचं."

"काय म्हणायच्या?" बायकोने विचारलं.

"म्हणायच्या कसल्या, तयार होऊन बसायच्या. रोज. सकाळी मी आले की आधी मला कपाट उघडायला लावायच्या. बाहेर जायचे चांगले कपडे, केस विंचरलेले, पायात चपला, हातात पर्स. दम लागायचा, तरी बसायच्या दाराकडे तोंड करून. मी म्हणायचे, बाई, कुठे निघालात? तर म्हणायच्या, सही करायला. खालचे कधीही बोलवायला येतील, माझ्यामुळे उशीर नको व्हायला."

मावशी थांबल्या. त्यांना वाटलं आपण भलतंच काही बोललो.

"गेल्या त्या दिवशीही चपला पायातच होत्या. मीच काढल्या."

पॉइंटशेठनी कुलपातली किल्ली काढली आणि जिन्याच्या पायरीवर बसले. दोन्ही हातांत तोंड झाकून ते रडायला लागले, मोठ्याने, कोण ऐकतंय याची पर्वा न करता. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. बायकोने बोचकं खाली ठेवलं. त्यांना उठा म्हणाली नाही, की गप्प राहा म्हणाली नाही. मावशी वर निघून गेल्या, तरी ती तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली.